वलांडीवरचे हातमोजे

माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी चुकत नाही, असं मी सकाळी जीपमध्ये चढताना सिस्टर रणभिसेंना सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, पुढच्या सीटवर बसलेल्या डॉक्टर चेऊलकरांच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. आणि सातपाटीला पोचून हातातला चहा निवायच्या आत एक कावळा माझ्या डोळ्यांदेखत रबरी हातमोजा चोचीत धरून खाडीकडे उडाला. मोज्याची बोटं खाली लोंबत होती आणि वाऱ्यानं हलत होती. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, वरून कुणीतरी आमचा निरोप घेतंय.

पहिला राग कावळ्याचा आला. मग माझ्या हाताखालच्या बायडीचा. बायडी माझ्या शेजारीच उभी होती, कपाळावर हात आडवा धरून, आणि त्या कावळ्याकडे अशा कौतुकानं बघत होती की जणू तिच्या आळीतला पोरगा मॅट्रिक होऊन मुंबईला चाललाय. "डावा गेला, ताई," ती म्हणाली. डावा! एवढ्या लांबून तिला अंगठा कुठल्या बाजूला आहे ते दिसलं, पण हातमोजे वाळत कुठं घालायचे ते दिसलं नाही. आदल्या दिवशी पालघरजवळच्या माहीमला वापरून धुतलेले मोजे दमटच राहिले होते, म्हणून मी तिला म्हटलं होतं, जा, जरा उन्हात टाकून ये. सातपाटीत ऊन जिथं पडतं तिथं वलांडी असते. बांबूच्या उंच चौकटी आणि त्यांवर दोऱ्या, त्यांवर बोंबील सुकतात. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. इथल्या बायकांना त्यासाठी बघावं लागत नाही, गप्पा मारता मारता हात चालतात. बायडी इथलीच. तिनंही बघितलं नसणार. एका मोज्याचं मनगट दुसऱ्याच्या मनगटात खोचलं आणि जोड्या टाकून दिल्या बोंबलांच्या रांगेत, सरळ, नेटक्या, इतक्या नेटक्या की मला पहिल्यांदा त्या दिसल्याच नाहीत. बोंबील आणि मोजे लांबून अगदी एकाच घरचे दिसतात.

हे मी आज सांगताना लोक हसतात. मला तेव्हा हसू येत नव्हतं. कारण डॉक्टर चेऊलकर त्या दिवशी फिरायला आलेले नव्हते. बोईसरला एका ठेकेदार कंपनीचा दवाखाना निघत होता. तारापूरचं विजेचं काम सुरू झाल्यापासून तिकडे कुठकुठली माणसं येऊन पत्र्याच्या खोल्यांत राहत होती, त्यांच्यासाठी. डॉक्टर तिथले मुख्य व्हायचे होते आणि त्यांना एक नर्स हवी होती, आमच्या पालघरच्या शिक्षण केंद्रातली, शेवटच्या वर्षाची. सिस्टरनी माझं नाव घेतलं होतं. नोकरीबरोबर क्वार्टर होतं. क्वार्टरला मोरी होती आणि मोरीत नळ होता. माझा बाप पुंजाराम जालन्याकडून दुष्काळात इकडे आलेला, कुंभवलीला पत्र्याखाली राहून साइटवर सुतारकाम करायचा आणि कामावरून आल्यावर डबा घेऊन पाण्याच्या रांगेत उभा राहायचा. त्यानं तो नळ अजून पाहिला नव्हता, पण आजूबाजूच्या सगळ्या खोल्यांत सांगून झालं होतं. मागच्या खेपेला मी गेले तेव्हा एक हिंदी बोलणारा वेल्डर मला म्हणाला, "दीदी, आपके नल से हम भी एक बालटी लेंगे." माझं शिक्षण पुरं झालं नव्हतं आणि माझ्या नळाला गिऱ्हाईक लागलं होतं.

तर मी वलांडीकडे धावले. धावणं नर्सला शोभत नाही. आग आणि रक्तस्राव सोडला तर नर्सनं धावायचं नाही असं सिस्टर म्हणतात, पण मोज्यांबद्दल त्या काही बोललेल्या नव्हत्या. पोचले तर दोरी रिकामी. बोंबील नाहीत, मोजे नाहीत. शेजारी एक म्हातारी जाळं विणत बसली होती. "सुकले ते चांगुणा घेऊन गेली गो," ती म्हणाली. "मोजे होते त्यात, आजी. रबराचे. हाताचे." म्हातारीनं माझ्याकडे नीट पाहिलं, टोपीपासून बुटापर्यंत. "आमी बोंबलाला मोजे घालत नाय," ती म्हणाली आणि परत विणायला लागली. चांगुणाबाय टोपली डोक्यावर घेऊन केव्हाच पालघरच्या रस्त्याला लागली होती. म्हणजे संध्याकाळी पालघरच्या बाजारात कुणीतरी बाई सुके बोंबील पावशेर घेणार, घरी जाऊन चुलीवर टाकणार आणि त्यातला एक ओढला की लांबच लांब होणार. मला ते सगळं दिसलं. रबर जळल्याचा वासही आला. बायडी मागून येऊन म्हणाली, "चांगुणाकाकी परत देईल ताई, ती कुनाचं ठेवत नाय." तिचा आवाज इतका भरवशाचा होता की मला तिला तिथंच वाळूत पुरावीशी वाटली.

आमच्या केंद्रात एक रीत होती. पहिल्या वर्षाच्या मुलीला उमेदवारी संपली की टोपी मिळते. ती सिस्टर तिच्या डोक्यावर घालत नाहीत, शेवटच्या वर्षाची मुलगी घालते. जी घालते ती तिची टोपीताई. मग धाकटीचं सगळं तिच्याकडे, चादरीच्या कोपऱ्यापासून रोग्याशी कसं बोलायचं इथपर्यंत. आणि धाकटीला घरी पाठवायची वेळ आली तर टोपीही तिनंच उतरवायची, सगळ्यांसमोर, आपल्या हातानं. मी आल्यापासून असं एकदाच झालं होतं. ती मुलगी कोण होती ते मला आता आठवत नाही, तिचे केस आठवतात. टोपी काढली तेव्हा त्याखालचे केस चपटे झालेले होते, पाट ठेवून उचलल्यासारखे. बायडीला टोपी घालताना मला फार त्रास झाला होता. ती डोक्याला खोबरेल चोपडून येते. पिन लावली की टोपी घसरून कानावर. सिस्टर म्हणतात, नर्सला चेहरा नसतो, टोपी असते. बायडीचं उलटं. तिला सगळा चेहराच. रोग्याला दुखलं की हिच्या कपाळाला आठ्या, रोगी बरा झाला की हिचे दात बाहेर. "अगं, तोंड सरळ ठेव," मी म्हणायची. "सरळच हाय ना ताई?" ती विचारायची, आणि तेवढं विचारतानासुद्धा तिचं तोंड तीन प्रकारचं व्हायचं.

माझी स्वतःची टोपीताई गोजरा. गोजराचा चेहरा सिस्टरना पाहिजे तसा होता, पांढरा रंग दिलेल्या भिंतीसारखा. ती ओरडायची नाही. चिमटा घ्यायची. दंडाच्या आतल्या बाजूला, बाहीच्या आत, जिथं रोग्याला दिसत नाही आणि कातडी पातळ असते. चिमटा घेताना तिचा चेहरा हलायचा नाही आणि आपलाही हलता कामा नये, हाच त्यातला धडा. एकदा एका म्हातारीच्या पाठीला स्पिरिट चोळताना मला रडू आलं. म्हातारी जाणार हे मला नुकतंच समजलं होतं आणि ती मला म्हणत होती, किती थंड हात गं बाय तुझा, बरं वाटतं. गोजरानं चिमटा घेतला. कानात म्हणाली, "रडायचं तर मोरीत जाऊन." मी मोरीत गेले. तिथं थोड्या वेळानं गोजरा आली, मला न बघता भिंतीला डोकं टेकलं आणि हुंदके द्यायला लागली. मग मी दिसले. तिनं डोळे पुसले, जवळ आली आणि मला बघितल्याबद्दल आणखी एक चिमटा घेतला. तो निळा डाग किती दिवस होता. मी रात्री त्यावर बोट ठेवून बघायची आणि म्हणायची, माझ्या हाताखाली कुणी आली तर चिमटा नाही. समजावून सांगायचं. चार वेळा, दहा वेळा, पण समजावून. आता गोजरा मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात आहे आणि मी समजावून समजावून माझा घसा बसलाय, आणि परिणाम काय, तर कावळा.

गावातल्या बायकांची तपासणी एका मासळीच्या गोदामात होती. जागा धुऊन दिली होती, पण धुतल्यामुळे वास गेला नव्हता, नुसता ओला झाला होता. भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला, त्याखाली बायका बसलेल्या, मांडीवर पोरं, बाजूला मासळीच्या टोपल्या. कारण इथली बाई तपासायला आली तरी टोपली घरी ठेवून येत नाही. मध्ये बाकावर सुगंधा, बायडीच्या आळीतली, दिवस भरलेली, तिसरी खेप. डॉक्टरांना दाखवायचं होतं की आमच्या मुली गरोदर बाई कशी तपासतात. मी साबणानं कोपरापर्यंत हात घासले आणि घासतच राहिले, की बाबा, मोज्यांचा विषय निघू नये. डॉक्टरांनी विचारलं, "ग्लोव्ह्ज?" सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी बायडीकडे पाहिलं. आणि बायडीनं, जिला मी कित्येकदा सांगितलं होतं की विचारलं तेवढंच बोलायचं, सगळं सांगून टाकलं. वलांडी, कावळा, चांगुणाकाकी, पालघरचा बाजार. वर म्हणाली, "एक डावा मिळंल पन, डॉक्टर. कावळे खात नाय रबर, टाकतात कुठंतरी."

मग डॉक्टर चेऊलकर शिस्तीवर बोलले. मला त्यांचा शब्द न् शब्द आठवत नाही, मला त्यांचं बोट आठवतं. ते बोट दाखवून बोलायचे. एकदा माझ्याकडे, एकदा बायडीकडे, एकदा वर पत्र्याकडे. व्यवसाय म्हणजे काय, तर स्वतःवर ताबा. रोगी काय बघतो, तर आपल्याला बघतो. "आपलं पाऊल कुठं पडतंय याचं भान ज्याला नाही," ते म्हणाले आणि सगळ्या बायकांना बोटात घेता यावं म्हणून एक पाऊल मागे सरकले, "त्यानं दुसऱ्याच्या जिवाची," अजून एक पाऊल, "जबाबदारी," आणि मागे कुणाचीतरी जवळ्याची टोपली होती, ताज्या, ओल्या जवळ्याची, तिच्यात ते बसले. पडले नाहीत. बसले. अगदी मापात. गुडघे वर, हात टोपलीच्या काठावर, चेहऱ्यावर अजून जबाबदारी. आणि खालून हळूहळू एक चिरडल्याचा आवाज आला.

माझ्या छातीत हसू असं वर आलं की मला वाटलं, बरगड्या उघडतील. मी ते गिळलं. मला माझा अभिमान वाटला आणि लगेच त्या अभिमानाचा राग आला, पण त्याच्याकडे बघायला वेळ नव्हता, कारण शेजारी बायडी फुटली. बायडीचं हसणं लहान नसतं. ते होडी पाण्यात ढकलताना माणसं ओरडतात तसं बाहेर येतं. एक हसली म्हटल्यावर सगळ्या हसल्या. लाल त्रिकोणाखालची सगळी रांग हलायला लागली. "जवला नासला गो माझा!" असं एक बाई कपाळाला हात लावून रडत होती आणि हसत होती. सुगंधा बाकावर पोट दोन्ही हातांनी धरून म्हणत होती, "नको गो बायडी, नको हसवू, मी मरतंय..." आणि मग तिचं हसणं मध्येच थांबलं, तिनं खाली पाहिलं. बाकावरून पाणी गळत होतं. "ताई," बायडी म्हणाली, अजून दात बाहेर, "हिचं पानी गेलं."

तिसऱ्या खेपेच्या बाईला वेळ लागत नाही. डॉक्टर पँट धुवायला विहिरीकडे गेले होते आणि जीपनं पालघर गाठायचा प्रश्नच नव्हता. सिस्टरनी बायका बाहेर काढल्या, मी परत हात घासले, उघड्या हातांनीच करणार होते, दुसरं काय. राग माझ्या बोटांत उतरला होता. मी बायडीला म्हटलं, "कात्री. टॉवेल. तिकडून नाही, इकडून. डोकं धर तिचं. बडबड करू नकोस." माझ्याच कानाला तो आवाज ओळखीचा वाटला. सपाट. गोजराचा. मी कधीपासून तो आवाज तोंडात घेऊन फिरत होते कुणास ठाऊक. बायडी बडबड करतच होती. सुगंधाचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या केसातून हात फिरवत, "आता आलं गो, आलंच, होडी लागली बघ किनाऱ्याला, आता वडायची, दम धर." माझा उजवा अंगठा आणि बोट जवळ आलं, तिचा दंड माझ्या कोपराशीच होता, बाही वर सरकलेली. आणि मला कळलं की चिमटा कसा घ्यायचा हे मला कुणी शिकवायला नको. दंडाला जे कळलं होतं ते बोटांनाही कळलेलं होतं. मी हात मागे घेतला, कारण तेवढ्यात तो हात दुसऱ्या कामाला लागला. मुलगी झाली. लगेच रडली, जोरात. सुगंधानं डोळे उघडले, म्हणाली, "हसवून काडलीस गो बायडी," आणि परत हसायला गेली आणि विव्हळली.

सगळं आटपून, नाळ बांधून, मुलगी पुसून, मी दारात आले तर डॉक्टर आले होते. त्यांनी कुणाचीतरी चौकड्यांची लुंगी नेसली होती. वर कोट, टाय, गळ्यात स्टेथोस्कोप. बायका पुन्हा जमल्या होत्या, या वेळी अगदी गप्प, आणि गप्प असल्यामुळेच जास्त वाईट. डॉक्टर एका हातानं लुंगीची गाठ धरून सिस्टरना म्हणाले, "रोग्यासमोर हसणारी मुलगी मला नको, आणि तुम्हालाही नको असायला हवी. हिची ताई कोण?" मी म्हटलं, "मी." ते म्हणाले, "मग बघू, तुम्हाला तुमच्या हाताखालची माणसं सांभाळता येतात का. बोईसरला तुमच्या हाताखाली दोन आया असतील." एवढं बोलून ते थांबले. मला पूर्ण कळलं. नळ माझ्या डोळ्यांसमोर आला, पितळी, त्याखाली माझ्या बापाचा डबा. सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "हंसा. टोपी."

"कुणाची, सिस्टर?"

"वेड पांघरू नकोस."

मी बायडीकडे वळले. ती माझ्यापेक्षा उंच आहे. आणि तिनं काय करावं, तर तिनं आपणहून मान खाली केली. मला हात पोचावा म्हणून. पिन समोर आली, मीच लावलेली, खोबरेलानं चमकत होती. तिच्या मानेवर पोराला पुसतानाचं रक्त लागलं होतं आणि तिच्या कानामागून दोन घामाचे थेंब चालले होते. ती रडत नव्हती, हसत नव्हती, नुसती मान खाली करून उभी होती, जशी बाजारात टोपली उतरवायला कुणी हात लावतंय का म्हणून बाई उभी राहते. माझा हात वर गेला. पिनेला लागलासुद्धा. आणि मला सगळ्यांचाच संताप आला. तिचा आला, की मूर्ख, मान कशाला खाली करतेस, भांड ना जरा. सिस्टरचा आला, डॉक्टरांचा आला, गोजराचा आला, बापाचा आला की त्यानं नळ आधीच वाटून टाकला. मी हात खाली घेतला.

"नाही काढत," मी म्हटलं.

"हंसा."

"नाही काढत, सिस्टर! मोजे धुवायचे कसे, सांगितलं. फुंकून भोक बघायचं कसं, सांगितलं. पावडर सांगितली. वाळवायचे कुठं ते सांगितलं नाही, कारण आपल्याकडे दोरी आहे आणि आपल्या दोरीवर बोंबील नसतात. इथं दुसरं काय आहे? मी म्हटलं उन्हात टाक, तिनं उन्हात टाकले. आणि हसायचं म्हणाल, तर..." मला थांबायला हवं होतं. मला माहीत होतं थांबायला हवं. "तर तुम्ही तोंडावर रुमाल धरला होता तो कशासाठी, सिस्टर? वासासाठी?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बरोबर बोलली गो." मग कुणीतरी तिला गप्प केलं. सिस्टर रणभिसेंच्या चेहऱ्यावर काहीच झालं नाही. मी तो चेहरा तीन वर्षं वाचायचा प्रयत्न केला आहे, त्यात वाचण्यासारखं काही नसतं. डॉक्टर काहीतरी बोलायला पुढे झाले, पण एका हातात लुंगी, दुसऱ्या हातात ओली पँट, त्यामुळे त्यांना बोट दाखवता येईना, आणि बोटाशिवाय त्यांना बोलता येत नव्हतं. ते नुसतेच पुढे झाले आणि तसेच मागे गेले, या वेळी मागे बघून.

परत येताना जीपमध्ये कुणी बोललं नाही. जवळ्याचा वास मात्र सगळ्यांशी सारखा बोलत होता. मला वाटलं होतं, खरं बोललं की हलकं वाटतं. काही हलकं वाटलं नाही. राग जिथं होता तिथंच बसून होता, फक्त आता त्याला काम उरलं नव्हतं, म्हणून तो मलाच खात होता. मी काय केलं? कुणासाठी? ही पोरगी उद्या आणखी काहीतरी करणार. आणि तिकडे बाप डबा घेऊन उभा. शिरगाव मागे पडलं तेव्हा मी बायडीकडे पाहिलं. ती सरळ बसली होती. हात मांडीवर, नजर समोर, टोपी सरळ, आणि चेहरा सपाट. अगदी सपाट. चार महिने मी तिच्याकडून जो चेहरा मागत होते तो तिनं आज आणला होता. सिस्टरना आवडला असता. गोजराला आवडला असता. मला अंगावर काटा आला. "बायडी," मी म्हटलं. "हो ताई." तेही सपाट. "काय झालं?" "काही नाही, ताई." काही नाही! 'नाय' नाही, 'नाही'. शुद्ध. मी तिचा दंड धरला, बाहीच्या आत बोटं घातली आणि जोरात चिमटा घेतला.

"आयो गो!" बायडी ओरडली. तिचा सगळा चेहरा एकदम परत आला, डोळे, नाक, दात, सगळं. ड्रायव्हरनं ब्रेक लावला. "येडी झाली का काय तुमी, ताई?" ती दंड चोळत म्हणाली आणि मग भोकाड पसरून रडायला लागली. सिस्टरनी पुढून मागे वळून पाहिलं नाही. मला त्या दिवसात पहिल्यांदा जरासं बरं वाटलं. आणि त्याचाही राग आला.

बोईसरची जागा नलूला मिळाली. नलू माझ्याच वर्गातली, चांगली मुलगी आहे, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तिच्या हाताखालची धाकटी आजारी पडून घरी गेलेली, त्यामुळे नलूच्या हाताखाली चुकायलाच कुणी नव्हतं. रविवारी माझा बाप आला. आल्या आल्या फाटकाशीच उभं राहून मी त्याला सांगितलं, बसू दिलं नाही, बसला असता तर मला सांगता आलं नसतं. टोपीचं सांगितलं, जवळ्याचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं. जवळ्यापाशी तो हसला नाही. माझ्या टोपीकडे बघत तो म्हणाला, "मंग नळाचं कसं?"

"नळाचं काही नाही, दादा."

"काही नाही म्हंजी?"

"म्हणजे नाही. नलूला मिळाला."

"तिला कोन हाय तिथं?"

"कुणी नाही."

"मंग एकल्या बाईला एवढा नळ करायचाय काय?" त्यानं विचारलं. मी ओरडले त्याच्यावर. रस्त्यात, फाटकाशी, टोपी घालून. की सगळ्यांना सांगायला कुणी सांगितलं होतं तुला, मी काय पाटबंधारे खातं आहे का. तो म्हणाला, "वरडू नकू. तुझं बरोबर आसंल." मग माझ्यासाठी आणलेली शेंगदाण्याची पुडी माझ्या हातात देऊन स्टेशनाकडे निघाला. बरोबर आसंल. तो भांडला असता तर मला चाललं असतं.

सिस्टर रणभिसे त्या दिवसाबद्दल माझ्याशी कधीच बोलल्या नाहीत. बायडीच्या टोपीचा विषय पुन्हा निघाला नाही. मी काढली नाही, आणि रीतीप्रमाणे दुसऱ्या कुणाला ती काढता येत नव्हती, म्हणून ती राहिली. पुढच्या महिन्यात नव्या मुलींना टोप्या द्यायच्या होत्या. तेव्हा सिस्टरनी सगळ्यांसमोर सांगितलं की यंदा चारही मुली हंसाकडे. मी त्यांच्याकडे पाहिलं. शिक्षा आहे की बक्षीस, की नुसती गैरसोय, ते कळायला त्या चेहऱ्यावर काही सोय नव्हती. मी चारही टोप्या घातल्या. दोघींच्या डोक्याला तेल होतं. मनातल्या मनात मी सिस्टरना, डॉक्टरांना, ठेकेदाराला आणि नारळाच्या झाडांना शिव्या देत होते आणि तोंडानं सांगत होते, मान सरळ, हलू नकोस.

त्यानंतरच्या सोमवारी मला बाळंतपणाच्या खोलीतून हलता येईना, म्हणून नव्या मुलींना मी सकाळपुरतं बायडीकडे सोपवलं. बायडीनं त्यांना मन लावून शिकवलं. तिनं त्यांना सांगितलं की शंका आली की विचारत बसायचं नाय, उकळायचं. त्यातल्या हौसा नावाच्या मुलीला शंका आली. तिनं वॉर्डातले सगळे थर्मामीटर पातेल्यात घालून उकळले. एकही शाबूत राहिला नाही.